शटर पडल्यावर फोन कर

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

परवा तू म्हणालास, "बाबा, एकदाची 31 तारीख गेली की सुटलो." तेव्हापासून मला तुझ्या कामाची नाही, त्या सुटण्याची काळजी लागली आहे. टार्गेट, वसुली, वरून येणारे फोन हे सगळं तू रेटून नेशील. पण 1 एप्रिलला बँकेत ग्राहक नसतात, म्हणून मार्चच्या क्लोजिंगनंतरची रात्र सगळ्यांना मोकळी वाटते. पार्टी तेव्हाच ठरते.

मी मशीनवर असताना कधी प्यायलो नाही. प्यायलो ते सेकंड शिफ्ट सुटल्यावर. पोटात संध्याकाळचा चहा तेवढा, अंगात मशीनची घरघर तशीच, आणि गेटपासून बसस्टॉपपर्यंत दोन गुत्ते. हातात रिकामा डबा घेऊन मी त्या पायरीशी थांबायचो. 1994 साली येरवड्याला मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात दाखल झालो, तोपर्यंत रोज थांबत होतो.

ए.ए.च्या, म्हणजे दारू सोडणाऱ्यांच्या अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या मीटिंगमध्ये तू बिल विल्सनचं नाव ऐकलं असशील. मे 1935. धंद्याच्या कामासाठी तो न्यूयॉर्कहून अ‍ॅक्रनला गेला आणि काम फिसकटलं. दारू सोडून जेमतेम पाच महिने झाले होते. हॉटेलच्या लॉबीत एकीकडे बार, दुसरीकडे फोन. त्या गावात ओळखीचं कुणी नाही, म्हणून चर्चच्या यादीतले नंबर फिरवत राहिला. त्याला उपदेश करणारा नको होता, आपल्यासारखाच दारूने गांजलेला कुणीतरी बोलायला हवा होता. दुसऱ्या दिवशी तसेच दारूने गांजलेले डॉक्टर बॉब भेटले आणि त्या भेटीतून ए.ए. उभी राहिली. मला ही गोष्ट फार जवळची वाटते रे. माणूस कामात हरला होता, थकला होता, एकटा होता, आणि तरी त्याने फोन उचलला.

तू क्लोजिंगला चहावर दिवस काढतोस, ते यंदा करू नकोस. भूक, राग, एकटेपणा, थकवा असं चारही एकदम गाठतं त्या दिवशी. संध्याकाळी पोटभर खा. पार्टीला जाऊ नकोस. कुणी विचारलं तर "मी घेत नाही" एवढंच सांग, तब्येतीची कारणं देत बसू नकोस. तलफ आली तर ती लाट आहे, थोडा वेळ काढलास की ओसरते. तो वेळ माझ्याशी बोलण्यात घालव.

31 ला मी जागाच आहे. शाखेचं शटर पडलं की गाडीला किल्ली लावण्याआधी फोन कर. कितीही वाजू देत, बोलायला काही नसलं तरी कर.

आईने दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी केली आहे. उद्याच्या गाडीने डबा पाठवतो, स्टँडवरून घे आणि टेबलाच्या खणात ठेव.

तुझे,
बाबा