तारांची रेघ आधी नकाशावर येऊ द्या

संपादक महोदय, स. न.

गेल्या जानेवारीत, द्राक्षाच्या मण्यांत पाणी उतरत असताना, तीन पोरं मोजणीचं मशीन घेऊन आमच्या दिंडोरीकडच्या बागेत शिरली आणि चौथ्या ओळीत लाल रंगाची खुंटी ठोकून गेली. विचारलं तर म्हणाली, "काका, 220 केव्हीची, उच्चदाबाची विजेची लाइन जाणार आहे. टॉवर इथं."

तारांखाली द्राक्ष जगतं. मांडव सहा-सात फुटांचा, तार कितीही झोळली तरी जमिनीपासून सात मीटर वर. (मांडवाच्या तारेला हात लागला की झिणझिण्या येतात, तेवढं अर्थिंग करून घ्यायचं.) घात होतो तो टॉवरनं. ओळीची तार एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकाच ताणात असते. ती मधे कापली की दोन्हीकडचा मांडव वेलींसकट खाली बसतो. सहा वर्षांची बाग उचलून दुसरीकडे लावता येत नाही.

विजेला माझा विरोध नाही, पंप त्यावरच चालतो. मोबदलाही सुधारलाय: केंद्राच्या 2024 च्या सूचनांत टॉवरखालच्या जागेला जमिनीच्या किमतीच्या दुप्पट आणि तारांखालच्या पट्ट्याला 30 टक्के धरलेत. पण 220 केव्हीचा पट्टा 35 मीटर रुंद. चौकोनी एकराच्या मधून गेला तर 40 पैकी 22 गुंठे त्यात गेले. सातबारा आपल्याच नावावर, घर मात्र तिथं बांधायचं नाही.

डीपी रोडचं, म्हणजे विकास आराखड्यातल्या रस्त्याचं, आरक्षण वीस वर्षं आधी नकाशावर दिसतं. प्लॉट घेणारा झोन दाखला (जमीन कशासाठी राखलीय ते सांगणारा कागद) काढतो आणि सावध होतो. मग पुढच्या लाइनींचे पट्टे विकास आराखड्यात आणि प्रादेशिक योजनेत आत्ताच का दाखवू नयेत? नाशिक आडगाव, म्हसरूळच्या अंगानं पसरतंय. पट्टा आधी ठरला तर तिथं रस्ता, पार्किंग, बाग ठेवता येईल, शेतात कांदा नाहीतर भाजीपाला. ठरला नाही की आधी बंगले उठतात आणि लाइन वळवून वळवून आमच्या बागांवर येते. सातबाऱ्याच्या इतर हक्कांतही नोंद हवी. शेत विकताना लपवाछपवी नको.

आमची खुंटी अजून तिथंच आहे. ती खरी की नुसती चाचपणी, कुणी सांगत नाही. पुतण्यानं केशर आंब्याची साठ रोपं आणून विहिरीपाशी ठेवलीत. उंच वाढणारं झाड तारांखाली चालत नाही. पावसाळा तोंडावर आलाय, कुठं लावायची ती?

आपला,
एक द्राक्षबागायतदार, ता. दिंडोरी, जि. नाशिक