सूचना: मॅमोग्राफीची (स्तनांच्या एक्स-रे तपासणीची) फेरी चुकवू नका

सर्व सभासद भगिनींना नमस्कार.

"मागच्या वेळी सगळं नॉर्मल होतं, म्हणून या खेपेला गेलेच नाही." हे वाक्य हल्ली फार ऐकू येतं, म्हणून लिहिते आहे.

स्वीडनमधल्या सुमारे साडेपाच लाख स्त्रियांच्या नोंदींचा एक अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. लागोपाठच्या दोन्ही तपासण्यांना गेलेल्या स्त्रियांमध्ये स्तनाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू, दोन्ही चुकवणाऱ्यांच्या तुलनेत जवळपास निम्मे होते. दोन्हींपैकी एकच केलेल्यांनाही फायदा झाला, पण कमी. (नियमित जाणाऱ्या बायका एरवीही तब्येतीला जपतात, त्यामुळे सगळं श्रेय यंत्राला देऊ नये.) तरी दर फेरीला जाण्याचं कारण साधं आहे: मागच्या फेरीनंतर उगवलेली गाठ मागच्या रिपोर्टात कशी दिसणार?

तपासणीनंतर पुन्हा बोलावलं तर घाबरू नका. बहुतेक वेळा कर्करोग निघत नाही. तोटाही सांगायला हवा. कधी कधी आयुष्यभर त्रास न देणारी गाठही सापडते आणि तिच्यावर उपचार होतात. डॉक्टरांना हे मोकळेपणाने विचारा.

५० ते ६९ या वयात फायद्याचा पुरावा सर्वांत भक्कम आहे. घरात आई किंवा बहिणीला हा आजार झाला असेल, तर त्याआधीच सल्ला घ्या.

आणि हो, गाठ, स्राव किंवा कातडीवर खळी जाणवली, तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका. मागचा रिपोर्ट कितीही चांगला असो.

ज्यांची फेरी राहिली आहे, त्यांनी या आठवड्यातच वेळ ठरवावी. जुन्या फिल्म सोबत न्यायला विसरू नका.