सौर वीज बांधावर, मालकी मात्र गावाबाहेर

महोदय,

मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेतून ठिकठिकाणी उभ्या राहत असलेल्या प्रकल्पांच्या बातम्या आपल्या दैनिकात वरचेवर येतात. यात खासगी कंपन्या वीज उपकेंद्रांजवळ सौर प्रकल्प उभारतात आणि तयार झालेली वीज महावितरणला विकतात. शेतकऱ्याला दिवसा वीज मिळणार, याचा मला आनंदच आहे. आमच्या भागात कृषिपंपांना आलटून-पालटून एक आठवडा दिवसा आणि एक आठवडा रात्री वीज मिळत आली. रात्रपाळीच्या आठवड्यात दीड-दोन वाजता बॅटरी घेऊन विहिरीवर जायचे, स्टार्टरच्या पेटीत काही वळवळत नाही ना हे झाकण उघडण्याआधी पाहायचे, मोटर सुरू करून दारे धरायचे आणि अर्ध्या तासात एक फेज गेला की लाईटची वाट पाहत थंडीत बांधावर बसून राहायचे, हे मी तीस वर्षे केले आहे. त्यामुळे या योजनेला माझा विरोध असण्याचे कारण नाही. माझा प्रश्न एवढाच आहे, की गावाच्या जमिनीवर, गावच्या उपकेंद्राशेजारी उभ्या राहणाऱ्या या प्रकल्पांत गावाचा वाटा केवळ भाड्यापुरता का असावा?

योजनेच्या २०२३ मधील दुसऱ्या टप्प्यात खासगी जमिनीला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडे आणि त्यात दरवर्षी तीन टक्के वाढ ठरलेली आहे. शिवाय ग्रामपंचायतीला तीन वर्षे दरसाल पाच लाखांचे अनुदान आहे. एक मेगावॅटचा प्रकल्प साधारण पाच एकरांत बसतो आणि वर्षाला पंधरा-सोळा लाख युनिट वीज देतो. युनिटला तीन रुपयांच्या आसपासचा दर धरला, तर ही पंचेचाळीस लाखांहून अधिक रकमेची वीज झाली. त्यातले अडीच लाख जमीनमालकाला आणि पहिली तीन वर्षे पाच लाख पंचायतीला. बाकी सारे गावाबाहेर. जागा गायरानाची असेल तर भाड्याचाही प्रश्न मिटतो आणि चराईचे रान तेवढे कुंपणात जाते. अशा जागांना काही गावांतून विरोध झाला, त्याला अडाणीपणा म्हणून हिणवणाऱ्यांनी हा हिशेब एकदा कागदावर मांडून पाहावा. उभारणीचा खर्च, कर्जाचे व्याज आणि जोखीम कंपनी उचलते, त्यामुळे नफा तिचाच, हे मला मान्य आहे. पण ती जोखीम उचलण्याची संधी गावाला कधी मिळाली?

गुजरातमधील खेडा जिल्ह्यात ढुंडी नावाचे गाव आहे. तिथल्या सहा शेतकऱ्यांनी २०१६ मध्ये सौर सिंचनाची सहकारी मंडळी स्थापन केली. त्याआधी त्यांचे पंप डिझेलवर चालत. ५६.४ किलोवॅटची पॅनल आपापल्या शेतात बसवून त्यांनी आधी स्वतःचे पाणी उपसले आणि उरलेली वीज पंचवीस वर्षांच्या करारावर मध्य गुजरात वीज कंपनीला युनिटला ४.६३ रुपये दराने विकली. या प्रयोगामागे आंतरराष्ट्रीय जल व्यवस्थापन संस्था होती आणि उभारणीचा मोठा खर्च तिनेच उचलला, हेही सांगितले पाहिजे. सहा शेतकऱ्यांनी नुसत्या जिद्दीवर हे केले, असे कोणी सांगत असेल तर ते अर्धसत्य आहे. मला त्यातली वेगळीच गोष्ट महत्त्वाची वाटते. वीज विकता येते म्हटल्यावर शेतकरी मोटर उगाच चालू ठेवत नाही, कारण वाया गेलेल्या प्रत्येक युनिटचा पैसा त्याच्याच खिशातून जातो. फुकट किंवा नाममात्र दराच्या विजेवर भूजल उपसून विहिरी कोरड्या पाडणाऱ्या आपल्या भागासाठी, हा धडा विजेपेक्षाही मोलाचा आहे.

कार्बन उत्सर्जनाच्या दृष्टीने पाहिले तर प्रकल्पाचा मालक कोण, याने तात्काळ फरक पडत नाही. ग्रिडमधील एका युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, म्हणजे एका मेगावॅटमागे वर्षाला हजार टनांच्या वर उत्सर्जन वाचते, मग तो प्रकल्प कंपनीचा असो की सोसायटीचा. पण मालकी गावाची असेल तर जागेसाठी भांडण होत नाही, आणि दुसरा प्रकल्प कुठे बसवायचा हे गावच सुचवते.

सहकाराचे नाव काढले की मुळा-प्रवरा वीज संस्थेचा दाखला दिला जातो. श्रीरामपूर परिसरात चार दशकांच्या आसपास वीज वितरण करणारी ही सहकारी संस्था थकबाकीत रुतली आणि २०११ मध्ये तिचे काम महावितरणकडे गेले. हा दाखला मोलाचा आहे, मात्र तो वितरणाचा आहे. हजारो ग्राहकांकडून बिल वसूल करणे वेगळे आणि तयार झालेली वीज एकाच ग्राहकाला, म्हणजे महावितरणला, विकणे वेगळे. इथे उलट महावितरणकडून पैसे वेळेवर येतात ना, याची काळजी सोसायटीने करायची आहे. बगॅसपासून, म्हणजे उसाच्या चिपाडापासून, वीज तयार करून ती विकणाऱ्या सहकारी साखर कारखान्यांना हा व्यवहार नवा नाही. कर्ज फिटेपर्यंत सभासदांच्या हाती फारसे काही पडणार नाही, हे मात्र पहिल्याच सभेत स्पष्ट सांगावे लागेल.

केंद्राने २०१९ मध्ये आणलेल्या, शेतीसाठीच्या सौरऊर्जेच्या कुसुम योजनेत सहकारी संस्था, पंचायती आणि शेतकरी उत्पादक कंपन्यांना दोन मेगावॅटपर्यंतचे प्रकल्प उभारण्याची मुभा दिली. पण निविदा जेव्हा मोठ्या क्षमतेचे गट पाडून निघतात, तेव्हा एखादी विविध कार्यकारी सोसायटी त्यांत उतरणार कशी? यापुढील निविदांत प्रत्येक तालुक्यातली एक-दोन उपकेंद्रे अशा संस्थांसाठी राखून ठेवावीत, दर थोडा चढा गेला तरी तो मान्य करावा, आणि वीजखरेदीचा करार हेच तारण मानून जिल्हा बँकेने कर्ज द्यावे, अशी माझी शासनाला विनंती आहे.

गावाला हे झेपणार नाही, असे म्हणणाऱ्यांसाठी एक सांगतो. आमच्याकडे डीपी, म्हणजे विजेचे रोहित्र, जळाली की तिच्यावरचे शेतकरी वर्गणी काढतात, ट्रॅक्टर ठरवतात, जळालेली डीपी पोहोचवतात, दुरुस्त झालेली आणतात आणि चढवायला माणसेही तेच देतात. म्हणजे यंत्रणा सांभाळण्याचे काम गाव आजही करतेच, फक्त ती त्याच्या नावावर नाही. यंदा आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेत मी सौर प्रकल्पाचा विषय मांडला, तेव्हा पहिला प्रश्न आला तो, धूळ बसल्यावर पॅनल धुणार कोण, हा. त्यावर चौघांनी तिथेच हात वर केले. दुसरा प्रश्न कर्जाचा होता. त्यावर कोणाकडेच उत्तर नसल्याने विषय पुढच्या सभेवर ठेवला आहे.

आपला,
एक वाचक, विविध कार्यकारी सोसायटीचा सभासद
ता. खटाव, जि. सातारा