रंगांची बेरीज आणि वजाबाकी

संपादक महोदय,

शाळेत मुलांना लाल, पिवळा, निळा हे मूळ रंग म्हणून पाठ करायला लावतात आणि कॉम्प्युटरच्या तासाला लाल, हिरवा, निळा सांगतात, फरक का ते कोणी बोलतच नाही, मग पोरं गोंधळणारच. अहो, उजेडाची बेरीज होते, लाल आणि हिरवा प्रकाश एकाच जागी पाडला की पिवळा दिसतो, त्यात निळा आला की पांढरा. भौतिकशास्त्रज्ञ मॅक्सवेलने १८६१ साली लंडनमध्ये तीन फिल्टर वापरून अशीच रंगीत प्रतिमा पडद्यावर दाखवली होती. डब्यातल्या रंगाचं उलट असतं, तो प्रकाश गिळतो. पिवळा रंग निळा प्रकाश खातो, आकाशी रंग लाल खातो, दोन्ही मिसळले की उरतो हिरवा. पेपरातले रंगीत फोटो पण आकाशी, मॅजेंटा (गडद गुलाबी), पिवळा आणि काळा एवढ्याच शाईतून छापतात, भिंग घेऊन बघा, ठिपके दिसतील.

ठाण्यात गडकरी रंगायतन आहे, घाणेकर नाट्यगृह आहे, एखाद्या सकाळी स्टेजवर लाल, हिरवे, निळे लाइट एकमेकांवर पाडून शाळेच्या मुलांना दाखवा ना, मधे हात धरला की रंगीत सावल्या पडतात, ते फळ्यावर नाही कळत. महापालिकेने हे खरंच मनावर घ्यावं.

– एक पालक, नौपाडा, ठाणे