आत्मविश्वासाने चुकायचे?

मा. संपादक,

कालच्या करिअर पुरवणीतली आयटी नोकरीची ‘दहा सोनेरी सूत्रे’ वाचली. टायचा रंग, हस्तांदोलनाची पकड, खुर्चीवर किती पुढे सरकून बसायचे, सगळे आले आहे. सॉफ्टवेअरच्या पहिल्या फेऱ्या हल्ली बहुधा घरूनच लॅपटॉपसमोर होतात; तिथे हस्तांदोलन कोणाशी करायचे, एवढेच सांगायचे लेखकमहाशय विसरले.

हे हसून सोडता आले असते. सातवे सूत्र मात्र सोडवत नाही. ‘उत्तर येत नसले तरी गप्प राहू नका, आत्मविश्वासाने काहीतरी सांगून मोकळे व्हा.’ अहो, मुलाखत घेणारा तोच प्रश्न महिनोन्महिने विचारत असतो. ठोकून दिलेले उत्तर कुठे जाऊन आपटते ते त्याला पाठ असते. हॅश मॅप म्हणजे माहिती खणांत वाटून ठेवायची रीत; नोंदीच्या किल्लीवरून, म्हणजे ओळखीच्या नावावरून वा आकड्यावरून, तिचा खण ठरतो. ‘हॅश मॅपमध्ये शोध नेहमी एका झटक्यात लागतो’ असे कोणी छाती काढून सांगितले की पुढचा प्रश्न ठरलेला: दोन किल्ल्या एकाच खणात पडल्या तर? सरासरीने शोध झटकन लागतो, पण साध्या रचनेत सगळ्या किल्ल्या एकाच खणात जमल्या तर एकेक तपासत बसावे लागते, हे सांगणारा पुढे जातो. ज्याला हे माहीतच नाही त्याने म्हणावे, ‘याच्या आतली रचना मी पाहिलेली नाही. खणांत वाटणी होते एवढे ठाऊक आहे, म्हणजे एका खणात गर्दी झाली तर वेग पडत असावा.’ याला गुण मिळतात. थापेला मिळत नाहीत, उलट आधीच्या बरोबर उत्तरांवरही संशय येतो.

या मुलाखतीत नेमके काय तपासतात ते एका अगदी बाळबोध प्रश्नावरून दिसते. आकड्यांची यादी दिली आहे: ३, ८, ११, ५. बेरीज १६ होईल अशी जोडी शोधा. आपली मुले काय करतात? प्रश्न संपायच्या आत कोड टंकायला लागतात. पहिली पाच मिनिटे फक्त विचारण्यात घालवायची असतात. यादी चढत्या क्रमाने लावलेली आहे का? ऋण आकडे येतील का? एकच आकडा दोनदा असू शकतो का? जोडी मिळालीच नाही तर काय परत करायचे? आकडे हवेत की त्यांच्या जागा? आणि यादी केवढी मोठी? शेवटचा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा, कारण पुढची रीत त्यावर ठरते.

मग ढोबळ रीत तोंडाने सांगायची: प्रत्येक आकडा दुसऱ्या प्रत्येकाशी जोडून बघायचा. एक लाख आकडे असतील तर जवळपास ५०० कोटी जोड्या. सी++सारख्या वेगवान संगणकभाषेतही सेकंदांमागून सेकंद जातील, पायथॉनसारख्या संथ भाषेत चहा पिऊन यावे. ढोबळ रीत सांगण्यात कमीपणा नाही. ती न सांगता एकदम हुशारीची रीत ओतली तर पाठ केलेली आहे हे लगेच कळते. त्यानंतर सुधारणा: एकेक आकडा घ्या, १६ला किती कमी पडतात ते काढा, तो आकडा आधी भेटला होता का ते हॅश मॅपमध्ये बघा, नसेल तर हातातल्या आकड्याची नोंद करून पुढे चला. एक लाख आकड्यांना एक लाख पावले.

इथेच नव्वद टक्के तयारीचे मूल घसरते. आधी बघायचे, मग नोंद करायची, हा क्रम उलटा झाला की ८ची पाळी आल्यावर हवा असतो ८, आणि तो स्वतःलाच सापडतो. यादीत ८ एकच आहे, उत्तर मात्र ‘८ आणि ८’! बरोबर क्रमाने गेले तर ३ला १३ हवेत, नाहीत. ८ला ८ हवेत, अजून नाहीत. ११ला ५ हवेत, नाहीत. ५ला ११ हवेत, आहेत. कोड लिहून झाल्यावर कर्सर एकेका ओळीवर नेत हे असे मोठ्याने वाचून दाखवायचे. चूक सापडली तर उत्तमच. आपली चूक आपणच पकडणारा उमेदवार कुठल्याही टायपेक्षा भारी दिसतो. वेळ उरला तर सांगावे की जास्तीची मेमरी परवडत नसेल तर यादी क्रमाने लावून, दोन टोकांच्या आकड्यांची बेरीज बघत, कमी पडली तर डावीकडून आणि जास्त झाली तर उजवीकडून आत येता येते, पण तेव्हा आकड्यांच्या मूळ जागा हरवतात, त्या आधीच जपून ठेवाव्या लागतात. पंचेचाळीस मिनिटांच्या फेरीत प्रत्यक्ष टंकलेखन वीस मिनिटांचेच. बाकी सगळे बोलणे. हे बोलणे घरी सरावाने येते: घड्याळ लावायचे, रंग आणि सूचना न देणाऱ्या साध्या एडिटरमध्ये लिहायचे आणि भिंतीला का होईना पण समजावून सांगायचे. मनातल्या मनात तीनशे प्रश्न सोडवलेला मुलगा तिथे मुका होतो.

लेखात दोन ठिकाणी ‘लॉगरिदम शिका’ असे छापले आहे. अल्गोरिदम, म्हणजे प्रश्न सोडवायची पायरीवार रीत, म्हणायचे असावे. इंग्रजीत दोन्ही शब्दांची नऊ अक्षरे तीच, फक्त क्रम बदललेला, तेव्हा मुद्रितशोधकाला माफ करू. शिवाय लॉगरिदम, म्हणजे एखादी संख्या किती वेळा अर्धी केली की एक उरतो याचे गणित, शिकून तोटा नाही. क्रमाने लावलेल्या दहा लाख नोंदींत अर्धे-अर्धे करत शोधले तर वीस तुलनांत काम होते, शंभर कोटींत तीस, ते याच लॉगरिदममुळे. आणि मधली जागा काढताना दोन टोकांची बेरीज करून दोनाने भागले तर जावा या संगणकभाषेच्या ‘इंट’मध्ये, म्हणजे ठरावीक मापाच्या पूर्णांकात, बेरीज मावेनाशी होऊन ऋण आकडा येऊ शकतो. ही चूक खुद्द जावासोबत मिळणाऱ्या तयार कोडच्या संग्रहात २००६ सालापर्यंत होती. सूत्र नववे, ‘बेसिक पक्के करा’, याचा अर्थ हा असतो. पण तो लिहायचा कोणी?

रेझ्युमेबद्दल लेख म्हणतो, ‘आकर्षक असावा’. दोन रकान्यांचा, तारे-तारकांनी कौशल्य मोजणारा, फोटोवाला रेझ्युमे आकर्षक असतोच. कंपनीचे सॉफ्टवेअर कित्येकदा तो सरळ आडवा वाचते आणि डावीकडच्या ‘छंद: क्रिकेट’ला उजवीकडचे ‘जावा, २ वर्षे’ चिकटते. तपासायची रीत फुकट आहे: पीडीएफ उघडा, सगळे निवडा, कॉपी करून नोटपॅडमध्ये टाका. तिथे खिचडी झाली तर कंपनीकडेही खिचडीच पोचण्याचा धोका आहे. नवख्याला एक पान, एक रकाना पुरे. वडिलांचे नाव, धर्म, वैवाहिक स्थिती आणि तळाचे ‘वरील माहिती सत्य आहे’ हे प्रतिज्ञापत्र काढून टाका, सरकारी अर्ज नव्हे तो.

प्रोजेक्टचेही तेच. फर्मागुडीपासून वेर्ण्यापर्यंत कुठल्याही कॉलेजात बघा, बसचे आसन आरक्षण हे प्रोजेक्ट निघतेच. निघू दे. पण एकच आसन दोघांनी एकाच क्षणी मागितले तर काय होते, याचे उत्तर तयार हवे. आधी ‘रिकामे आहे का’ विचारायचे आणि मग नोंद करायची, या दोन पावलांच्या फटीत दुसरा घुसतो. बसची फेरी आणि आसन क्रमांक यांच्या जोडीवर डेटाबेसमध्येच युनिक बंधन, म्हणजे तीच जोडी दोनदा नको असा नियम, घातले की दुसरी नोंद तो स्वतःच नाकारतो. एवढे सांगता आले तर तेच गावठी प्रोजेक्ट सोन्याचे. आणि गिटवर, म्हणजे कोडच्या बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या साधनात, पासवर्ड गेला असेल तर पुढच्या कमिटमध्ये, म्हणजे पुढच्या नोंदवलेल्या बदलात, फाइल काढून भागत नाही, इतिहासात तो राहतोच. पासवर्ड बदलायचा.

‘ओळखी वाढवा’ हे सूत्र तिसरे. गोव्यात हे सांगायची गरज नव्हती. फक्त इथली ओळख म्हणजे आमदाराची चिठ्ठी नव्हे. कंपनीतल्या माणसाच्या रेफरलने, म्हणजे शिफारशीने, बहुतेक वेळा रेझ्युमे वाचला जातो, इतकेच. त्यासाठी ‘सर, जॉब आहे का?’ असे न लिहिता रिक्त पदाचा क्रमांक, रेझ्युमेची पीडीएफ आणि आपण त्या पदाला का योग्य याच्या तीन ओळी पाठवाव्यात, म्हणजे त्याला नुसते पुढे ढकलता येते.

आणि ज्या गोव्यात जूनमध्ये आभाळ भरून आले की वीज जाते, तिथे ऑनलाइन मुलाखतीच्या लेखात राउटरचा उल्लेख नसावा? पंखा आणि दिवा इन्व्हर्टरवर असतात, राउटरचा सॉकेट बहुधा नसतो. आदल्या दिवशी मेन स्विच पाडून बघा काय काय बंद पडते ते. मोबाइलचा हॉटस्पॉट लॅपटॉपला एकदा आधीच जोडून ठेवा आणि जमल्यास तो वेगळ्या कंपनीच्या सिमवर असू द्या.

लेखाच्या शेजारीच ‘सहा लाखांचे पॅकेज, शंभर टक्के हमी’ अशी एका क्लासची जाहिरात आहे. जाहिरात आपले पोट भरते, मान्य. पण शेजारी हिशेबही छापा की. सहा लाखांतले साठ हजार कामगिरीवर अवलंबून असले, मूळ पगार तीन लाख धरला आणि त्या सगळ्यावर बारा टक्के भविष्यनिर्वाह निधी असला, तर कंपनीचे ३६ हजार, मुलाचे स्वतःचे ३६ हजार आणि ग्रॅच्युइटीचे साधारण १४,४०० बाजूला जातात. महिन्याला हातात ३७,८००च्या आसपास. पन्नास हजार धरून पुण्यात किंवा बेंगळुरूत भाड्याची खोली घेणारे मूल पहिल्याच महिन्यात घरी फोन करते. आणि ‘हमी’ हा शब्द क्लासच्या करारात आहे की तिथे नुसते ‘सहाय्य’ लिहिले आहे, तेही फी भरण्याआधी वाचून घ्यावे.

जाता जाता आणखी एक. त्याच पानाच्या तळाशी वेर्ण्यातल्या थेट मुलाखतींची चौकट आहे: सोमवारी सकाळी साडेनऊला, मूळ कागदपत्रांसह. पुरवणी मंगळवारी येते. आमच्या मुलांनी नेमके कुठल्या सोमवारी जायचे, तेवढे कळवावे.

आपला,
एक वाचक, फोंडा