बाबा, सुनावणीत तुम्ही बोला

ती. आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

परवा फोनवर बाबा म्हणाले, "कोळसा नसता तर तू शिकली असतीस का?" मी गप्प बसले, कारण ते खरंच आहे. माझी फी, दादाचं लग्न, आईचं ऑपरेशन, सगळं खाणीच्या पगारातून झालं. त्या कष्टांबद्दल माझ्या तोंडून कधी वावगा शब्द निघणार नाही. कोळसा लागतो, हेही मान्य. पण ताडोबाला खेटून नवी खाण नको, एवढंच माझं म्हणणं आहे.

ताडोबाजवळच्या लोहारा कोळसा खाणीचं तुम्हाला आठवत असेल. चंद्रपुरात त्या खाणीविरुद्ध उपोषण झालं आणि २००९ मध्ये केंद्राने तो प्रस्ताव नाकारला. २०२० मध्ये चिमूर तालुक्यातला 'बंदर' नावाचा कोळसा पट्टा लिलावाच्या यादीत आला, विरोध झाल्यावर वगळला. दोनदा जंगल वाचलं. पण कोळसा जमिनीत आहे तोवर फाईल पुन्हा वर येणारच.

आणि जंगल काही गेटच्या आत संपत नाही. पिल्लं मोठी झाली की वाघीण त्यांना हाकलते. मग तो तरुण वाघ जागा शोधत निघतो, थेट तेलंगणातल्या कवल व्याघ्र प्रकल्पापर्यंतही जातो. मधली वाट खाणीने तोडली तर तो गावाच्या अंगाने जाईल. तिथे सरपणाला, मोहफुलांना गेलेल्या बाया असतात. आई, तुला मी हे वेगळं सांगायला नको.

बाबा, मी सातवीत असताना तुम्ही मला ओबीच्या, म्हणजे कोळशावरून काढून टाकलेल्या माती-दगडांच्या, ढिगाऱ्यावर नेलं होतं. पायाखालून दगड निसटत होते. तुम्ही मूठभर काळी माती उचलून दाखवलीत आणि म्हणालात, "ही सगळ्यात आधी निघते आणि सगळ्यात खाली गाडली जाते." ढिगाऱ्यावर सुबाभूळ होती. मोह नव्हता, तेंदू नव्हता, बांबू नव्हता. ती माती तुमच्या हातावरून कशी ओघळली, ते मला अजून दिसतं. मामाची विहीर आठवा. खाण खोल जाते तसं आजूबाजूचं पाणी तिच्यात उतरतं, पंप ते नाल्यात फेकतात, आणि मार्चमध्येच मामाची बादली गाळाला टेकते.

म्हणून विनवते, नव्या खाणीसाठी पुन्हा कधी जनसुनावणी लागली तर तुम्ही जा. वाघाबद्दल बोलणारे पुष्कळ येतील, त्यांना "बाहेरचे" म्हणून गप्प बसवतील. तीस वर्षं खाणीत राबलेल्या माणसाला कोण बाहेरचा म्हणणार? मोठं भाषण नको. त्या मातीचं सांगा, मामाच्या विहिरीचं सांगा. आणि बोललेलं इतिवृत्तात लिहून घेतलं का, ते तिथेच विचारा.

आई, बाबांना एकट्याला पाठवू नकोस, उन्हात तास न् तास बसवून ठेवतात. तारीख कळली की लगेच फोन कर, मी रजा टाकून येते.

तुमची,
ताई