लग्नाची तारीख कुठली धरायची, सहीची की मुहूर्ताची?

मा. संपादक,

नवरा नाहीतर बायको अमेरिकेत आणि दुसरं माणूस इथं म्हापशाला, डिचोलीला, अशी लग्नं आता गोव्यात काही नवलाची राहिली नाहीत. पण त्यांच्या व्हिसाच्या फॉर्मवर एका साध्या रकान्यात जो घोळ होतो तो मी गेल्या वर्षभरात इतक्या घरांत बघितला की शेवटी म्हटलं पेपरला लिहूया. रकाना आहे लग्नाच्या तारखेचा.

आपल्याकडे लग्न दोनदा होतं हे बाहेरच्याला सांगून पटत नाही. आधी सब-रजिस्ट्रारकडे पहिली सही, म्हणजे लग्न करणार अशी नोटीस, मग पंधरा-एक दिवस थांबून दुसरी सही, म्हणजे लग्नाची नोंद, आणि मग हॉल मिळेल, मुहूर्त मिळेल, बाहेरगावची माणसं येतील तेव्हा खरं लग्न, म्हणजे घरच्यांच्या हिशेबानं खरं. मधे चार-सहा महिने जातात, कधी वर्षही जातं, आणि तोवर मुलगी माहेरीच असते, कारण सह्या झाल्या म्हणजे लग्न झालं असं कुठली आई मानते सांगा. कायदा मात्र उलटा आहे. १८६७ चा पोर्तुगीज सिव्हिल कोड आणि त्याच्यानंतर आलेले नोंदणीचे कायदे १९६१ नंतरही आपल्याकडे चालू राहिले, आणि त्यांच्या दृष्टीनं हिंदूंचं लग्न रजिस्ट्रारच्या वहीत झालं की झालं, मांडव नंतर घाला नाहीतर घालूच नका. (चर्चमधल्या लग्नाची पद्धत वेगळी, त्यात मी पडत नाही.)

अमेरिकेचा नियम असा की जिथं लग्न लागलं तिथल्या कायद्यानं ते ज्या दिवशी पक्कं झालं तो दिवस धरायचा. म्हणजे आपल्यासाठी लग्नाच्या दाखल्यावरची, रजिस्ट्रारकडची तारीख. एवढं एक वाक्य कुणी आधी सांगितलं असतं तर आमच्या नात्यातल्या एका मुलीचे काही महिने वाचले असते. तिच्या एजंटनं, गोव्याबाहेरचा होता तो, आमंत्रणपत्रिका बघून मुहूर्ताची तारीख टाकली फॉर्मवर, नवऱ्यानं तिकडून आय-१३० (बायकोला नेण्यासाठीचा पहिला अर्ज) भरताना दाखल्यावरची टाकलेली, आणि इंटरव्ह्यूला दाखला, पत्रिका, फॉर्म सगळं समोर आलं तेव्हा जुळेना. वर ह्या एजंटनं तिला शिकवून ठेवलेलं की एकच तारीख सांगायची, सह्यांचा विषयच काढायचा नाही. तिला २२१(जी) चा, म्हणजे अजून कागद हवेत म्हणून व्हिसा अडवल्याचा, कागद मिळाला, घरात रडारड, सगळ्यांना वाटलं व्हिसा गेला. तसा तो त्या दिवसापुरता नकारच असतो पण राहिलेले कागद द्यायला एक वर्ष मुदत असते, तिनं खुलासा पाठवला आणि व्हिसा झाला. पण खोटं बोलल्याचा शिक्का बसला असता तर ती भानगड जन्मभराची, माफी मिळायला वेगळा अर्ज आणि तोही सगळ्यांना मंजूर होतो असं नाही.

तारखेवर अजून एक गोष्ट अडकलेली आहे. अमेरिकेत पाय ठेवता त्या दिवशी लग्नाला दोन वर्षं झाली नसतील तर ग्रीन कार्ड दोनच वर्षांचं मिळतं, आणि ते संपायच्या आधीच्या ९० दिवसांत दोघांनी मिळून आय-७५१, म्हणजे कार्डावरची अट काढायचा अर्ज, भरून लग्नाचे परत सगळे पुरावे द्यायचे. दोन वर्षं झाली असतील तर सरळ दहा वर्षांचं कार्ड. आता सह्या डिसेंबरात आणि मुहूर्त पुढच्या मे महिन्यात असेल तर तेवढ्या पाच महिन्यांनी माणूस इकडचा तिकडे होऊ शकतो. आमच्या वाड्यावर हे कुणाला पटवायला गेलो की म्हणतात सह्यांची तारीख कोण लक्षात ठेवतो.

मी स्वतः ह्यातून गेलोय. बायको अमेरिकन नागरिक, मूळची इथलीच, आणि जायचं मला, त्यामुळे तिठ्यावर उभा राहिलो की कुणी ना कुणी म्हणणारच, "आतां तूं घरजांवय जातलो मरे!" त्यांना आय-८६४ हे हमीपत्र माहीत नाही म्हणून ठीक आहे. त्या कागदावर बायकोनं लिहून दिलंय की तिचं उत्पन्न तिकडच्या सरकारी गरिबीरेषेच्या निदान १२५ टक्के आहे आणि ती मला पोसेल, आणि ही हमी मी नागरिक होईपर्यंत किंवा तिकडे साधारण दहा वर्षांचं काम माझ्या नावावर लागेपर्यंत सुटत नाही. घटस्फोट झाला तरी सुटत नाही! सप्तपदीपेक्षा कडक काम आहे. इकडे आईला वेगळीच काळजी, गोव्याच्या कायद्यानं सुनेचा अर्धा वाटा झाला तर भाटातल्या माडांचं काय.

बाकी कागदांबद्दल फार लिहीत नाही. आय-१३० मंजूर झाला की फाइल अमेरिकेतल्या नॅशनल व्हिसा सेंटरकडे जाते, तिथं व्हिसाची फी ३२५ डॉलर आणि हमीपत्राची १२० डॉलर भरून डीएस-२६० हा व्हिसाचा अर्ज ऑनलाइन भरायचा. पोलीस दाखला पणजीच्या पासपोर्ट ऑफिसकडून, आणि आपल्यातले बरेच जण आखातात राहून आलेले असतात त्यांनी लक्षात ठेवा, सोळाव्या वर्षानंतर दुसऱ्या देशात वर्षभर राहिला असाल तर तिथलाही दाखला लागतो. मराठीतल्या कागदांना इंग्रजी भाषांतर जोडायचं. ही सगळी माहिती सरकारी वेबसाइटवर फुकट आहे आणि एजंटनं मला सांगितलेला आकडा ह्या दोन्ही फिया एकत्र केल्या तरी त्याच्यावर होता.

इंटरव्ह्यू मुंबईला, बीकेसीतल्या अमेरिकन वकिलातीत. थिवीहून रात्रीची कोकणकन्या पकडून गेलो, मोबाइल आत नेता येत नाही म्हणून भावाकडे बाहेर ठेवला. लाइनमध्ये पुढचा मुलगा वहीतली प्रश्नोत्तरं पुटपुटत होता, सासूच्या आवडत्या भाजीपर्यंत सगळं पाठ. माझ्या खिडकीवर काचेपलीकडे एक तरुण बाई होत्या, उजवा हात वर करून शपथ घ्यायला लावली, मग कसे भेटलात, बायको काय काम करते, आणि लग्न कधी झालं. मी सरळ सांगितलं की रजिस्ट्रारकडे सह्या अमुक महिन्यात झाल्या, तीच कायद्याची तारीख, आणि पूजा-होम, जेवण त्याच्यानंतर. त्यांनी विचारलं मधल्या काळात एकत्र का राहिला नाहीत. म्हटलं आमच्याकडे मंगळसूत्र घातल्याशिवाय मुलगी सासरी येत नाही. त्या हसल्या आणि सह्यांच्या दिवसाचा फोटो आहे का म्हणाल्या.

अल्बम मी नेलेला, पण त्यांनी त्याला हातच लावला नाही. बघितला तो हा एकच फोटो. रजिस्ट्रार ऑफिसचा बाकडा, भिंतीला फायलींचे गठ्ठे, मी ऑफिसच्याच शर्टात, बायको साध्या पंजाबी ड्रेसमध्ये, आणि बाजूला साक्षीदार म्हणून आलेला काका, हातात माशांची पिशवी, कारण तो बाजारातून तसाच आलेला. असले फोटो आपण कुणी ठेवत नाही, कसले ठेवायचे म्हणून, पण ठेवा, आणि त्या दिवशी दोन्ही घरची चार माणसं तरी सोबत न्या.

आता मागणी. दोन्ही सह्यांच्या तारखा आणि त्यातल्या कुठल्या दिवसापासून लग्न कायदेशीर, हे दाखल्यावरच ठळक छापलं तर परदेशातल्या कुठल्याही ऑफिसात समजावत बसावं लागणार नाही, खर्च एका ओळीचा. आणि अनिवासी गोमंतकीयांसाठी सरकारनं जे खातं उघडलंय त्यानं मराठी-कोकणीत एका पानाचं माहितीपत्रक काढून प्रत्येक सब-रजिस्ट्रारच्या खिडकीपाशी लावावं, म्हणजे जोडपं दुसऱ्या सहीला येईल तेव्हाच त्यांना कळेल की परदेशातले फॉर्म भरताना कुठली तारीख लिहायची. ऑफिसातल्या क्लार्कना हे सगळं माहीत असतं बरं का, विचारलं तर सांगतातही, पण विचारायचं असतं हेच लोकांना माहीत नाही.

– एक वाचक, म्हापसा